टपालातून जगज्जेता, मग प्रोग्रामर: हान्स बर्लिनर यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक आणि बुद्धिबळ असा विषय निघाला की गाडी थेट जगज्जेता कास्पारोव्ह आणि त्याला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकावर जाऊन थांबते. त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्यांनी हा रस्ता बांधला, त्यांच्यात एक जगज्जेताही होता, हे ऐकून क्लबातले जुने खेळाडूसुद्धा चकित होतात. मग ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं.

हान्स बर्लिनर म्हणजे नक्की कोण?

जन्म २७ जानेवारी १९२९, बर्लिनचा. घर ज्यू. नाझी राजवटीत दिवस कठीण झाल्यावर १९३७ साली कुटुंब अमेरिकेत आलं आणि वॉशिंग्टनमध्ये स्थिरावलं. बुद्धिबळ तेराव्या वर्षी शिकले, म्हणजे आजच्या हिशेबाने बरंच उशिरा. तरी विशीत मास्टर झाले, १९५२च्या हेलसिंकीच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडला अमेरिकेच्या संघात होते, १९५३ला न्यूयॉर्क राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. १९५७-५८ची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा चौदा वर्षांच्या बॉबी फिशरने जिंकली, तिच्यात हेही खेळत होते.

पदवी मानसशास्त्राची, नोकरी आयबीएममध्ये. पुढे टपालाद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते झाले आणि त्यानंतर नोकरी सोडून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेले. डॉक्टरेट १९७४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. बाकीचं आयुष्य तिथेच, यंत्राला खेळ शिकवण्यात गेलं. १३ जानेवारी २०१७ला फ्लोरिडात निधन झालं.

टपालाद्वारे बुद्धिबळ हे काय प्रकरण आहे? त्यात कसला आलाय जगज्जेता?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कुत्सित छटा असतेच. काढून टाका ती.

दोन खेळाडू दोन देशांत. एक चाल पोस्टकार्डावर लिहून पाठवायची, उत्तराची वाट बघायची. साधारण दहा चालींना तीस दिवस मिळत, टपालाच्या प्रवासाचे दिवस वेगळे. घरी पट मांडून मोहरे हवे तितके हलवा, पुस्तकं उघडा, सगळं चालतं. घड्याळाची धाकधूक नाही, म्हणून चुकांची सबबही नाही. समोरचा माणूसही तितकाच वेळ घेऊन तितक्याच खोलात शिरलेला असतो.

पाचव्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी १९६५ ते १९६८ अशी तीन वर्षं चालली. बर्लिनर सोळा डाव खेळले. बारा जिंकले, चार बरोबरीत, हार एकही नाही. चौदा गुण, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन जास्त. त्या पातळीवर अर्ध्या गुणासाठी मारामारी असते. तीन गुणांची आघाडी म्हणजे बाकीचे वेगळीच स्पर्धा खेळत होते म्हणायचं.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या कामाचं मूळ इथेच आहे. पटासमोर बसून खेळणारा ग्रँडमास्टर बरंचसं ‘दिसतं म्हणून’ खेळतो. टपालाच्या खेळाडूला मात्र फांद्यांवर फांद्या कागदावर लिहून ठेवाव्या लागतात: ही चाल का नको, ती खेळलो तर कुठे अडतं, हा रस्ता इथेच का सोडला. प्रोग्राम लिहिताना हेच करावं लागतं.

त्यांचा एस्ट्रिनविरुद्धचा डाव इतका गाजला, त्यात असं काय आहे?

याच अंतिम फेरीतला डाव. पांढरी मोहरी सोव्हिएत संघाच्या याकोव्ह एस्ट्रिनकडे. हा गडी पुढे स्वतःही टपालाचा जगज्जेता झाला, आणि ओपनिंगच्या ज्ञानात त्याचा दबदबा होता. डाव ‘टू नाइट्स डिफेन्स’चा. पांढऱ्याचा घोडा चौथ्याच चालीला जी५वर (पटावरची घरं अशी अक्षर-अंकांनी ओळखतात) येऊन एफ७च्या प्याद्यावर डोळा ठेवतो, तो प्रकार. नवशिक्यांना काळ्याकडून खेळताना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

बर्लिनर यांनी आठव्या चालीला वजीर एच४वर आणला. दहाव्या चालीला पांढऱ्याने प्यादं एफ३वर आणून जी४वरच्या उंटावर हल्ला केला, डी४वरचा घोडाही मारात होता. दोन्ही मोहरे लटकलेले असताना काळ्याने शांतपणे ई५चं प्यादं ई४वर ढकललं. घोडा गेला. बाराव्या चालीला शह बसला, राजा डी८वर सरकला, म्हणजे किल्लेकोट, राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल, तीही गेली. वरवर पाहता काळ्याचा खेळ आटोपलाय.

प्रत्यक्षात पांढऱ्याची वजिराकडची मोहरी अजून घरातच झोपलेली आहेत आणि काळ्याची सगळी राजाच्या दारात उभी आहेत. पुढच्या काही चालींत काळा उंटाच्या बदल्यात हत्ती वसूल करतो आणि हल्ला चालू ठेवतो. पण शेवट मात होऊन होत नाही. अठ्ठाविसाव्या चालीपर्यंत वजिरांची मारामारी उरकून हत्ती आणि प्याद्यांचा खेळ उरतो, काळ्याकडे एक प्यादं जास्त. मग ते संयमाने जिंकायचं. बेचाळिसाव्या चालीनंतर डाव संपला.

माझ्या मते या डावातली सगळ्यात सुंदर गोष्ट बलिदान नाही, तो कोरडा शेवट आहे. इतक्या वादळातून एकच प्यादं हाती लागणार आणि ते पुरेसं असणार, हा अंदाज घेऊन वादळात उडी मारणं अवघड.

जगज्जेता असताना संगणकाकडे वळावंसं का वाटलं?

साठच्या दशकाअखेर हा विषय तापलेला होता. हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूवेल या संगणकशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या आत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल असं भाकीत केलं होतं. दहा वर्षं उलटली, संगणक साध्या क्लब खेळाडूंकडून मार खात होते. १९६८मध्ये स्कॉटलंडचा विजेता डेव्हिड लेव्ही याने पैज लावली की पुढच्या दहा वर्षांत कुठलाही प्रोग्राम आपल्याला मॅचमध्ये हरवू शकणार नाही. १९७८ला तो ती जिंकलाही.

बर्लिनर आयबीएममध्ये होते, संगणक हाताशी होता. त्यांनी ‘जे. बिट’ नावाचा प्रोग्राम लिहिला, तो १९७०मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या संगणकांच्या स्पर्धेत उतरला. तिथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा प्रोग्राम पहिला आला. जे. बिट काही जग हलवणारा नव्हता, पण लेखकाची दिशा ठरली. कार्नेगी मेलनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते तेच ॲलन न्यूवेल, भाकीतवाले.

‘होरायझन इफेक्ट’ हे नाव त्यांनीच दिलं का?

हो. १९७३ साली. बर्लिनर यांचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

प्रोग्राम ठरावीक खोलीपर्यंतच पुढचं बघतो. समजा चार अर्धचाली: माझी, तुझी, माझी, तुझी. त्यापुढचं त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. आता त्याचा उंट असा अडकलाय की तो जाणारच आहे, माणसाला एका नजरेत कळतं. प्रोग्रामलाही कळतं, कारण उंट मरतो ती चाल चार अर्धचालींच्या आत येते. मग तो शोधतो: काय खेळलो तर उंट वाचेल? त्याला सापडतं. एक प्यादं पुढे ढकलून समोरच्या वजिरावर हल्ला करायचा. समोरच्याला ते प्यादं मारावं लागतं, यात दोन अर्धचाली खर्च होतात आणि उंटाचा मृत्यू पाचव्या-सहाव्या अर्धचालीवर जातो. दिसेनासा होतो. प्रोग्राम खूश: ‘एका प्याद्यात उंट वाचवला!’ पुढच्या पाळीला उंट पुन्हा मरताना दिसतो, तो आणखी एक प्यादं देतो. सावकार दाराशी आला की घरातलं एकेक भांडं देऊन त्याला उद्यावर ढकलायचं, तसला कारभार. शेवटी उंटही जातो आणि प्यादीही गेलेली असतात.

त्यांनी याची उलटी बाजूही दाखवली. एखादी चांगली गोष्ट आत्ताच क्षितिजाच्या आत दिसली की प्रोग्राम ती घाईने उरकून घेतो. आणखी चार चाली थांबला असता तर तीच गोष्ट दुप्पट फायद्यात पडली असती.

उपाय म्हणून खोली वाढवा, असं कुणीही म्हणेल. त्यांचं म्हणणं होतं की खोली कितीही वाढवा, क्षितिज फक्त पुढे सरकेल. आजच्या इंजिनांत, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांत, मारामारी चालू असताना गणना अर्धवट न तोडण्याची, शह बसला की आणखी खोल जाण्याची सोय असते, ती याच दुखण्यावरची औषधं आहेत. दुखणं समूळ गेलेलं नाही. किल्ल्यासारख्या बंद पटावर इंजिनचा आकडा ‘+२’, म्हणजे पांढरा दोन प्याद्यांइतका पुढे, असं दाखवत राहतो आणि पन्नास चालींनंतरही काही होत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल.

त्यांचा प्रबंध कशावर होता?

डावपेच ओळखणारा प्रोग्राम, नाव ‘कॅप्स’. त्यातली एक कल्पना अजूनही मोहात पाडते. एखादा मार्ग फसला की प्रोग्राम नुसता ‘फसला’ म्हणून पुढे जात नाही, का फसला ते शोधतो. घोडा बांधलेला होता म्हणून? मागच्या रांगेत मात बसत होती म्हणून? मग त्या कारणावरच इलाज करणाऱ्या चाली सुचवतो. माणूस असाच विचार करतो. पण प्रोग्राम मंद होता आणि स्पर्धेत टिकण्याइतका बळकट कधी झाला नाही.

चाल निवडण्याचा त्यांचा बी-स्टार अल्गोरिदम सोप्या शब्दांत सांगता येईल का?

प्रयत्न करतो.

नेहमीचा प्रोग्राम प्रत्येक स्थितीला एकच आकडा देतो. बर्लिनर म्हणाले, दोन द्या: फार फार तर किती चांगलं होईल आणि वाईटात वाईट किती. समजा ‘अ’ चाल वाईटात वाईट +१ आणि उत्तमात उत्तम +५. ‘ब’ची कक्षा −२ ते +३. अजून निर्णय नाही, कारण ‘ब’ +३ निघाली आणि ‘अ’ +१च निघाली तर? आता दोन रस्ते आहेत. ‘अ’ खोलात तपासून तिचा खालचा आकडा +३च्या वर नेऊन दाखवायचा, नाहीतर ‘ब’ तपासून तिचा वरचा आकडा +१च्या खाली आणायचा. यांतलं एक झालं की थांबा आणि ‘अ’ खेळा. ‘अ’ची नेमकी किंमत किती हे कळलं नाही तरी बिघडत नाही.

थांबायचं कधी हे शोधातूनच कळतं, ही यातली गंमत. तुम्ही-आम्ही एकच चाल शक्य असेल तर ती लगेच खेळतो. त्या काळचे प्रोग्राम त्यावरही तेवढाच वेळ घालवत.

हा शोधनिबंध १९७९चा. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९६मध्येही ते याच कल्पनेवर संभाव्यतेची जोड देऊन लिहीत होते. हट्टी माणूस.

त्यांच्या प्रोग्रामने बॅकगॅमनच्या जगज्जेत्याला हरवलं, हा किस्सा खरा आहे का?

खरा आहे, आणि जगज्जेत्याला कुठल्याही पटावरच्या खेळात यंत्राने हरवल्याची ती पहिली घटना.

बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटाच्या गोतावळ्यातला खेळ: फासे टाकायचे, सोंगट्या घरी न्यायच्या. बर्लिनर तिकडे वळले कारण फाशांमुळे दर पाळीला इतक्या शक्यता फुटतात की नुसतं पुढचं मोजत बसून काही निष्पन्न होत नाही. स्थिती बघून ती चांगली की वाईट हे कळायलाच हवं. ज्ञानाचं महत्त्व सिद्ध करायला याहून चांगलं मैदान नव्हतं.

१५ जुलै १९७९, माँटे कार्लो. इटलीचा लुइजी व्हिला आदल्याच दिवशी जगज्जेता झालेला. समोर बर्लिनर यांचा ‘बीकेजी ९.८’. संगणक होता पिट्सबर्गला, चाली उपग्रहामार्फत येत. व्यासपीठावर त्याचा प्रतिनिधी म्हणून ‘गॅमनॉइड’ नावाचा छोटा यंत्रमानव ठेवलेला, तो प्रवेशालाच पडद्यात अडकला आणि प्रेक्षक हसले. बक्षीस पाच हजार डॉलर, जिंकेल त्याला सगळे. निकाल ७–१, यंत्राच्या बाजूने.

बर्लिनर यांनी नंतर डाव तपासले आणि प्रामाणिकपणे लिहिलं की फासे यंत्राला अनुकूल पडले. चालींच्या दर्जात व्हिला सरस होता, यंत्राने काही उघड चुका केल्या होत्या. जाहिरात करायची सोन्यासारखी संधी असताना असं लिहिणं मला आवडतं.

बीकेजी आधीपेक्षा सुधारला कशामुळे?

एका साध्या वाटणाऱ्या बदलामुळे. आधीच्या आवृत्त्यांत खेळाचे टप्पे पाडले होते, प्रत्येक टप्प्याला वेगळे नियम. घोळ सीमारेषेवर होई. बुद्धिबळातलं उदाहरण घ्या: ‘मधल्या खेळात राजा कोपऱ्यात हवा, शेवटी मध्यभागी हवा’. ‘शेवट’ कधी सुरू होतो? वजीर गेले की, असं ठरवलं तर वजिरांची अदलाबदल होताक्षणी गुणांकन धाडकन उडी मारतं. मग प्रोग्राम चांगली अदलाबदल टाळतो किंवा वाईट अदलाबदलीकडे धावतो, पटावरच्या कारणाने नाही, तर केवळ त्या उडीपायी. बर्लिनर यांनी सीमा काढून टाकल्या. प्रत्येक नियमाचं वजन हळूहळू वाढावं किंवा उतरावं असं गणित मांडलं. आज इंजिन लिहिणारा कुणीही मधला खेळ आणि शेवट यांच्या गुणांची सरमिसळ करतो. तेव्हा हे नवं होतं.

बुद्धिबळ खेळणारं यंत्र हायटेक, हे त्यांचं सगळ्यात मोठं यश का?

बुद्धिबळाच्या पटावर, हो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बर्लिनर यांना एक गोष्ट मान्य करावी लागली होती: मोजणीशिवाय ज्ञान लंगडं आहे. कार्ल एबेलिंग या विद्यार्थ्याने चाली निर्माण करणारं खास हार्डवेअर बनवलं. चौसष्ट चिपा, पटाच्या प्रत्येक घराला एक. प्रत्येक चिप आपल्या घरावर कोण येऊ शकतं एवढंच बघते, पण चौसष्ट एकदम. सेकंदाला सुमारे पावणेदोन लाख स्थिती तपासल्या जात. त्या काळी हा वेग डोळे दिपवणारा होता.

पण बर्लिनर यांची खूण दुसरीकडे होती. सन कंपनीच्या संगणकावर ‘ऑरॅकल’ नावाचा भाग चाले. चालीचा विचार सुरू होण्याआधी तो पट बघून ठरवायचा की आज महत्त्वाचं काय: प्यादी कशी अडकली आहेत, राजा कुठे आहे, कुठला उंट मेल्यासारखा पडलाय. त्याप्रमाणे लागणारे नमुने हार्डवेअरमध्ये भरायचा, मग शोध सुटायचा. म्हणजे गुरूने आधी ‘आज हे बघ’ सांगायचं आणि शिष्याने लाखोंनी स्थिती तपासायच्या. उणीवही यातच होती: दहा अर्धचालींनी पट पार बदलला तरी शिष्य सकाळचाच पाठ म्हणत राही.

१९८५ला हायटेकने उत्तर अमेरिकेची संगणक स्पर्धा चारपैकी चार गुणांनी जिंकली. १९८६ला कोलोनच्या जागतिक स्पर्धेत चार प्रोग्राम बरोबरीत राहिले, टायब्रेकवर विजेतेपद क्रे ब्लिट्झ या प्रोग्रामला गेलं. १९८७ला पेनसिल्वेनिया राज्याच्या, म्हणजे माणसांच्या, स्पर्धेत हायटेक पहिला आला. २४०० रेटिंगची (खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याची) रेघ ओलांडणारा पहिला संगणकही तोच. १९८८ला न्यूयॉर्कमध्ये आर्नल्ड डेंकर या ग्रँडमास्टरला चार डावांच्या मॅचमध्ये साडेतीन–अर्धा असं हरवलं. डेंकर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, हे सांगितलं पाहिजे. तरी ग्रँडमास्टरविरुद्ध मॅच जिंकणारं पहिलं यंत्र म्हणून नोंद झाली ती झालीच.

मग डीप थॉट आणि डीप ब्लू? ते पण कार्नेगी मेलनचेच ना?

हो, आणि इथे गोष्ट जरा टोचते.

त्याच विद्यापीठात फेंग-श्युंग श्यू नावाचा विद्यार्थी होता. हायटेकची चौसष्ट चिपांची रचना बघून त्याला वाटलं, हे सगळं एकाच चिपमध्ये बसेल. बसवलं. त्याला थॉमस अनंतरामन आणि हायटेकच्या गटात काम केलेला मरे कॅम्पबेल येऊन मिळाले. आधी चिपटेस्ट, मग डीप थॉट. वेग सेकंदाला सुमारे सात लाख स्थिती. १९८८च्या नोव्हेंबरात डीप थॉटने ग्रँडमास्टर बेंट लार्सनला हरवलं आणि त्या स्पर्धेत दुसरा ग्रँडमास्टर टोनी माइल्स याच्याबरोबर पहिलं स्थान वाटून घेतलं. १९८९ला एडमंटनची जागतिक संगणक स्पर्धा जिंकली. मग आयबीएमने हा गट उचलला. ११ मे १९९७ला डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन–अडीच हरवलं, तेव्हा वेग सेकंदाला वीस कोटींवर गेला होता.

म्हणजे जगज्जेत्याचा प्रकल्प आणि त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प अशी ही शर्यत होती. विद्यार्थी जिंकले.

जगज्जेत्याचं ज्ञान कमी पडलं, असंच ना?

तसं म्हणायला सोपं आहे. मला ते पटत नाही.

जगज्जेत्याला जे येतं त्यातलं किती त्याला सांगता येतं, ही खरी अडचण. एस्ट्रिनविरुद्ध ई४ ढकलताना बर्लिनर यांना जे जाणवलं, त्याचे नियम करायला बसलं की पहिल्या नियमाला दहा अपवाद, अपवादांना पुन्हा अपवाद. शिवाय प्रत्येक नियम तपासायला वेळ लागतो, तेवढ्यात वेगवान प्रतिस्पर्धी आणखी एक अर्धचाल खोल गेलेला असतो. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांवर ती एक अर्धचाल हाताने लिहिलेल्या शहाणपणापेक्षा स्वस्त पडत होती. हा त्या काळच्या हार्डवेअरचा भाव होता.

पुढचं बघा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्येच जेराल्ड टेसॉरो यांनी बॅकगॅमनचा प्रोग्राम बनवला, जो स्वतःशी खेळून स्थितीची किंमत शिकला. डिसेंबर २०१७मध्ये अल्फाझीरो हा बुद्धिबळाचा प्रोग्राम आला, तोही स्वतःशी खेळून शिकलेला. तो सेकंदाला फक्त सुमारे ऐंशी हजार स्थिती तपासत होता, समोरचं स्टॉकफिश हे इंजिन सात कोटी. ऐंशी हजार म्हणजे हायटेकच्या निम्म्याहूनही कमी! कमी बघा पण नीट बघा, हे बर्लिनर यांचं म्हणणं होतं. ज्ञान माणसाने लिहून द्यावं लागेल, हा त्यांचा अंदाज तेवढा चुकला. अल्फाझीरोची बातमी आली तेव्हा त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

फ्रेडकिन पारितोषिक कशाचं होतं?

जगज्जेत्याला हरवणाऱ्या पहिल्या संगणकाला एक लाख डॉलर. १९८०ला जाहीर झालं, प्रशासन कार्नेगी मेलनकडे. मधले दोन टप्पे होते: मास्टर पातळीचे पाच हजार बेल या यंत्राला मिळाले, ग्रँडमास्टर पातळीचे दहा हजार डीप थॉटला. एक लाख १९९७ला डीप ब्लूवाल्यांनी नेले.

असे आणखी कुणी विजेते प्रोग्रामिंगकडे वळले का?

सगळ्यात मोठं नाव मिखाईल बॉतविन्निक. पटावरचे जगज्जेते, पेशाने विद्युत अभियंता. ‘पायोनियर’ नावाचा प्रोग्राम ते वर्षानुवर्षं करत राहिले. विचार बर्लिनर यांच्याच जातीचा, माणसासारखं निवडक बघायचं. पण पायोनियर कधी पूर्ण स्पर्धा खेळलाच नाही. बर्लिनर यांचं यंत्र खेळलं आणि जिंकलं, हा मोठा फरक.

१९६७चा ज्युनियर जगज्जेता, पोर्तो रिकोचा हुलिओ काप्लान, पुढे बुद्धिबळाच्या प्रोग्रामवर काम करू लागला. लॅरी कॉफमन यांचा प्रवास उलटा म्हणावा असा: आधी इंजिनांच्या गुणांकनाचं काम, मग २००८ला ज्येष्ठांचं जागतिक अजिंक्यपद आणि त्यातून ग्रँडमास्टर किताब. रिबका आणि कोमोडो या दोन्ही इंजिनांत त्यांचा हात आहे.

पहिली चाल डी४च खेळावी, असं बर्लिनर म्हणत हे खरं?

निवृत्तीनंतर १९९९ला त्यांचं पुस्तक आलं, त्यात हा दावा होता: डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे) हीच सर्वोत्तम पहिली चाल आणि तिच्यामागे एक पद्धत आहे. समीक्षकांनी सोलून काढलं. इंजिनांनाही तसं वाटत नाही. मला ते पुस्तक चिडवतं आणि तरी वाचायला लावतं.

टपालाचं बुद्धिबळ आज उरलंय का?

उरलंय, सर्व्हरवर. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत इंजिन वापरायला मुभा आहे. परिणाम व्हायचा तोच झाला: वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. सोळापैकी बारा विजय आता कुणाला मिळणार नाहीत. बर्लिनर यांनी आधी तो खेळ जिंकला आणि मग तो संपवणाऱ्या यंत्रांना हातभार लावला, असं कुणी म्हटलं तर मला प्रतिवाद सुचत नाही.

मी कॉलेजात आहे, छोटं इंजिन लिहायचंय. यातलं काय उपयोगी पडेल?

आधी ठरावीक खोलीचा साधा शोध लिहा आणि मारामारीची स्थिती तपासणारा भाग मुद्दाम वगळा. मग एक पट मांडा: तुमच्या इंजिनचा उंट एच७च्या प्याद्याला खाऊन अडकलाय, समोरच्याने जी६ खेळून त्याची वाट बंद केलीय. खोली चार ठेवा, नंतर सहा, नंतर आठ. कुठली प्यादी बळी जातात ते टिपून घ्या. होरायझन इफेक्टवरचे परिच्छेद वाचून जे कळत नाही ते या एका संध्याकाळी कळेल. त्यानंतर तो वगळलेला भाग घाला. उंटाचं दुखणं तरीही पूर्ण जाणार नाही, कारण त्याला उचलायला राजाला दोन-तीन चाली चालत यावं लागतं आणि त्यांत मारामारी नसते.

बी-स्टारच्या मागे लगेच लागू नका. दोन आकडे कुठून आणायचे हा प्रश्न बर्लिनर यांनाही शेवटपर्यंत छळत होता.